वळणावरची ट्रॉली आणि एक जास्तीचा मेट

माझ्याकडे आलेल्या असेंब्लीत, म्हणजे कन्व्हेयरच्या कॉम्प्युटरवरच्या जोडलेल्या मॉडेलमध्ये, माल टांगून नेणारा कॅरिअर ट्रॅकवर अगदी छान पळत होता. माउसने धरून ओढला की सरळ भागात सरळ, वळणावर वळणाबरोबर, कुठे अडखळणं म्हणून नाही. ग्राहकाच्या मीटिंगमध्ये तो तसा पळवून दाखवूनही झाला होता आणि सगळे खूश होते. अडचण एवढीच की प्रत्यक्षातला कॅरिअर तसा पळणं शक्यच नव्हतं.

लाइन पावडर कोटिंगची. भोसरीतल्या एका शेडमध्ये इलेक्ट्रिक कॅबिनेटच्या फ्रेम ओव्हरहेड कन्व्हेयरला टांगून धुलाईतून बूथमध्ये आणि बूथमधून ओव्हनमध्ये जाणार. वर बंद ट्रॅक, त्यात चालणाऱ्या ट्रॉल्या. दोन ट्रॉल्यांमध्ये ५०० मिमी अंतर आणि त्यांना जोडणारा लोड बार. लोड बारच्या मधोमध हँगर, हँगरला फ्रेम. फ्रेम १२०० मिमी लांब, ४०० रुंद. पुढची ट्रॉली चेनला जोडलेली, मागची नुसती ट्रॅकमध्ये मोकळी, ओढली जाईल तशी येणारी.

शेडच्या एका टोकाला ही लाइन यू-टर्न घेते आणि त्या यू-टर्नच्या नेमकी मध्यभागी इमारतीचा आर.सी.सी. कॉलम आहे, ४५० बाय ४५० चा. ट्रॅकच्या मध्यरेषेची त्रिज्या ६०० मिमी. वळणाच्या पलीकडे, कॉलमच्या केंद्रापासून १०५० मिमीवर, बूथचं कंट्रोल पॅनेल उभं. फ्रेम आणि कुठलीही स्थिर वस्तू यांत कमीत कमी ७५ मिमी मोकळी जागा हवी, अशी ग्राहकाची लेखी अट. टांगलेला माल झुलतो, त्यामुळे ही अट मला रास्तच वाटते.

माझं काम होतं क्लिअरन्स तपासून ट्रॅकचं ड्रॉइंग पक्कं करायचं. आधी काम करणारा माणूस नोकरी सोडून गेला होता. त्याच्या शेवटच्या लेआउटवर दोन शेरे होते: कॉलमपाशी ८२ मिमी मोकळे, ठीक. पॅनेलपाशी ५० मिमीच, पॅनेल मागे घ्यावं.

असेंब्लीचा ट्री, म्हणजे पार्ट आणि मेट यांची यादी, उघडून बघितला तर अख्ख्या कॅरिअरला एकच पाथ मेट दिलेला. (मेट म्हणजे पार्टला कशाशी तरी बांधणारी अट; पाथ मेट मार्गाशी बांधतो.) लोड बारच्या मधला बिंदू ट्रॅकच्या मध्यरेषेवर, आणि दिशेसाठी ‘फॉलो पाथ’. ट्रॉल्या लोड बारला घट्ट चिकटवलेल्या. म्हणजे मॉडेलमध्ये ट्रॅकवर चालत होता तो बारचा मध्य, आणि ट्रॉल्या नुसत्या शोभेला. वळणावर कॅरिअर थांबवून वरून बघितलं तर दोन्ही ट्रॉल्या ट्रॅकच्या बाहेर, हवेत.

हिशोब करायला कॅल्क्युलेटरही लागत नाही. त्रिज्या ६००, मध्यापासून ट्रॉली २५०, दोन्हींत काटकोन. ट्रॉली वळणाच्या केंद्रापासून ६५० वर जाते. ट्रॅक ६०० वर आहे. ट्रॉलीची चाकं ५० मिमी बाहेर! ट्रॅकची पेटी वर झाकलेली असल्यामुळे नेहमीच्या तिरक्या व्ह्यूमध्ये हे दिसत नाही, आणि मीटिंगमध्ये टॉप व्ह्यू कोण मागतं?

पाथ मेट ज्यांनी वापरलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मी सॉलिडवर्क्सवर काम करते. तिथे हा मेट आपल्याला तीन गोष्टी विचारतो. पार्टचा कुठला बिंदू कुठल्या मार्गावर ठेवायचा, आणि तो मोकळा सोडायचा की मार्गाच्या टोकापासून ठरावीक अंतरावर किंवा टक्क्यांवर बांधायचा, हे पहिलं. पार्टचं तोंड मार्गाच्या दिशेने वळवायचं का, हे दुसरं. आणि पार्ट मार्गाभोवती गिरकी घेणार नाही यासाठी त्याची वरची बाजू कुठल्या दिशेला बांधायची, हे तिसरं. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाला ‘फ्री’ असं उत्तर देता येतं. पण ‘फ्री’ ठेवलं की पार्ट वेडावाकडा लोळतो, दिसायला घाण दिसतं, म्हणून लोक हात सवयीने ‘फॉलो पाथ’वर नेतात. पार्ट लगेच शहाण्यासारखा वागायला लागतो आणि विषय तिथेच संपतो.

पण ‘फॉलो पाथ’ म्हणजे यंत्राबद्दल केलेलं एक विधान आहे. या बिंदूपाशी हा पार्ट मार्गाला स्पर्शरेषेत राहतो, असं आपण सांगत असतो. लोड बारच्या मध्याला तसं वळवणारं प्रत्यक्षात तिथे काहीच नाही. बारला दोन टोकांना दोन ट्रॉल्या धरतात, बास. त्या दोघी ट्रॅकवर असल्या की बार त्यांच्यामधली जीवा होतो आणि त्याचा मध्य ट्रॅक सोडून आत, कॉलमच्या दिशेला सरकतो. किती? ६०० चा वर्ग वजा २५० चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ५४५.४. म्हणजे ५४.६ मिमी आत.

फ्रेम बारच्या मध्याला टांगलेली, म्हणून तीही तेवढीच आत. तिची आतली कड केंद्रापासून ४०० वर नाही, ३४५ वर. कॉलमचा कोपरा केंद्रापासून ३१८ वर. जुन्या मॉडेलमध्ये ८२ मिमी दिसणारी मोकळी जागा खरी होती २७ मिमी. उलट बाहेरच्या बाजूला फ्रेमचा कोपरा जुन्या मॉडेलप्रमाणे केंद्रापासून बरोबर १००० वर जात होता, तो प्रत्यक्षात ९५७ वरच जाणार. पॅनेलपाशी ५० नव्हे, ९३ मिमी मोकळे. दोन्ही शेरे उलटे पडले होते. जिथे ठीक लिहिलं होतं तिथे माल घासायची वेळ, आणि जिथे पॅनेल हलवायला सांगितलं होतं तिथे हलवायची गरज नाही.

रेल्वेवाले हा हिशोब फार जुन्या काळापासून करत आले आहेत. डबा दोन बोगींवर, म्हणजे खालच्या चाकांच्या गाड्यांवर, बसतो, रूळ वळला की डब्याचा मधला भाग आत येतो आणि टोकं बाहेर जातात. आपल्याकडच्या आय.सी.एफ. (इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या) डब्यात दोन बोगींच्या केंद्रांमध्ये सुमारे १४.७८ मीटर अंतर असतं. १७५ मीटर त्रिज्येच्या वळणावर त्याचा मध्य १५६ मिमीच्या आसपास आत येतो. वळणावरच्या फलाटाशी डबा आणि कड यांत जास्त फट ठेवावी लागते ती याचसाठी. आमचा कॅरिअर म्हणजे उलटा टांगलेला डबाच.

तर नवीन असेंब्ली. सुरुवात मार्गापासून केली, कारण पाथ मेटची निम्मी दुखणी मार्गातच असतात. जुन्या फाइलमध्ये मध्यरेषा शेडच्या डी.एक्स.एफ.मधून, म्हणजे आराखड्याच्या ड्रॉइंग फाइलमधून, उचललेली होती. सरळ रेषा आणि कंस जिथे मिळतात तिथे झूम करत गेलं की कुठे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची फट, कुठे कंस स्पर्शरेषेत नाही, किंचित कोन करून बसलेला. डोळ्याला काही कळत नाही, पण मार्ग निवडताना साखळी तिथे तुटते आणि कोन असेल तर ट्रॉली त्या जागी एकदम झटका देऊन दिशा बदलते. दुरुस्त करत बसण्यापेक्षा सगळी रेषा नव्याने काढली. प्रत्येक कंसाला टँजंट रिलेशन, त्रिज्येला एक माप, कॉलमच्या केंद्राला बांधलेली. हे स्केच वेगळ्या पार्टमध्ये ठेवलं आणि ट्रॅकची पेटी त्याच्यावरून स्वीप केली. पेटीची कड मार्ग म्हणून निवडायची नाही हा माझा नियम आहे. पेटीची जाडी बदलली की कड हलते, आणि मग मेट कशाला धरून आहे हे शोधत बसावं लागतं.

मार्ग कुठल्या उंचीवर काढायचा यावर मी थोडी अडले. शेवटी चाकांच्या आसाच्या उंचीवर काढला, कारण ट्रॅकवर खरोखर चालतात ती चाकं. बार ज्या पिनला लटकतो ती पिन खाली आहे, पण ती ट्रॉलीचा भाग असल्याने ट्रॉलीबरोबर आपोआप येते.

आता मेट. आमच्याकडे नुकताच रुजू झालेला मुलगा शेजारी बसला होता. तो म्हणाला, “मॅडम, मग लोड बारच्या दोन्ही टोकांना पाथ मेट द्यायचा आणि दोन्हीकडे फॉलो पाथ, झालं की.” मी म्हटलं, “दे, आणि ओढून बघ.” सरळ भागात कॅरिअर मस्त सरकला. वळणाच्या तोंडाशी पुढचं टोक पोचलं आणि तिथेच खिळला. जागेवरून हलेना. बारला जबरदस्तीने वळणात ठेवून रीबिल्ड केलं तर ट्री लाल झाला, ओव्हरडिफाइन, म्हणजे एकमेकींशी न जुळणाऱ्या जास्तीच्या अटी. त्याला वाटलं सॉफ्टवेअर लटकलं.

सॉफ्टवेअर बरोबर होतं. सरळ पट्टी एकाच कंसाला दोन वेगवेगळ्या ठिकाणी स्पर्शरेषेत राहू शकत नाही. सरळ भागात दोन्ही ठिकाणची दिशा एकच, म्हणून ते चाललं. मेट देताना पार्ट नेमका सरळ भागात असतो आणि म्हणून असा जास्तीचा मेट बिनबोभाट आत शिरतो. तेव्हापासून मी त्याला सांगितलंय, वळणाच्या असेंब्लीत मेट द्यायचे ते पार्ट वळणात उभा करून.

डिप्लोमाला यंत्रातल्या मोकळ्या हालचाली मोजायचं ग्रूब्लरचं सूत्र घोकलेलं असतं, पण सॉफ्टवेअर हातात आलं की कोणी मोजत नाही. मी अजून कागदावर मोजते. मोकळ्या पार्टला सहा हालचाली. बिंदू वक्रावर बसवला की दोन जातात, चार उरतात. फॉलो पाथने आणखी दोन जातात, अप व्हेक्टरने, म्हणजे वरची बाजू बांधल्याने, गिरकीची एक जाते, आणि उरते एक: मार्गावरून पुढेमागे. एवढी हालचाल ट्रॉलीला हवी असते, जास्त नको आणि कमीही नको. म्हणून दोन्ही ट्रॉल्यांना पूर्ण पाथ मेट दिला, फॉलो पाथसकट. ट्रॉलीलाही पुढेमागे चाकं आहेत, म्हणजे काटेकोर बोलायचं तर तीही जीवाच. पण तिच्या चाकांमधलं अंतर १०० मिमी, ६०० च्या त्रिज्येवर फरक पडतो दोन मिलिमीटर. चाक आणि ट्रॅक यांच्यातली ढील साधारण तेवढी असतेच. तिथे फॉलो पाथ खुशाल चालतो.

लोड बारला मात्र एकही पाथ मेट दिला नाही. त्याचा पुढचा बिंदू पुढच्या ट्रॉलीच्या पिनच्या बिंदूवर, मागचा मागच्या. बिंदूवर बिंदू म्हणजे प्रत्येकी तीन हालचाली गेल्या. दोन ट्रॉल्यांची एकेक आणि बारच्या सहा, एकूण आठ. त्यातून सहा गेल्या, दोन राहिल्या. एक म्हणजे सगळं मिळून पुढे जाणं, दुसरी म्हणजे बारचं स्वतःच्या लांबीभोवती गरगर फिरणं. ती दुसरी घालवायला आधी बारची खालची बाजू जमिनीला समांतर करायचा मोह झाला होता, पण पुढे ओव्हनकडे ट्रॅक चढतो, तिथे बार तिरका होणार आणि समांतर मेट फुटणार. म्हणून बारची बाजूची प्लेन जमिनीला लंब केली. ती चढावरही लंबच राहते. एक हालचाल उरली आणि असेंब्ली वळणात, चढात, दोन्हीकडे निमूट चालू लागली.

बिंदूऐवजी पिनला कॉन्सेंट्रिक (भोकाचा आस पिनच्या आसावर बसवणारा मेट) का नाही, असा प्रश्न येतो. सपाट वळणात कॉन्सेंट्रिक चाललं असतं. पण ट्रॅक वर चढायला लागला की पुढच्या ट्रॉलीची पिन एका कोनात आणि मागचीची दुसऱ्या. एकाच बारची दोन समांतर भोकं त्या दोन पिनांवर एकदम कशी बसणार? प्रत्यक्षात तिथे दोन्हीकडे डुलणारा जोड असतो, तो मॉडेलमध्ये बिंदूने दाखवावा हे उत्तम.

एक बारीक गोष्ट जी खूप वेळ खाते. ट्रॉल्या, बार आणि हँगर मिळून मी कॅरिअरची सबअसेंब्ली केली होती. मुख्य असेंब्लीत आणली की ती एकसंध ठोकळा होते, आतले जोड गोठतात. मग पुन्हा तेच, कॅरिअर वळणाच्या तोंडाशी अडतो. सबअसेंब्लीच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन तिला ‘फ्लेक्सिबल’ करावी लागते. मगच आतले जोड बाहेरच्या मेटांना दाद देतात.

इतर सॉफ्टवेअरवाल्यांनी निराश होऊ नये. क्रिओमध्ये ‘स्लॉट’ नावाचं कनेक्शन हेच काम करतं, बिंदू वक्रावर. कॅटियाच्या कायनेमॅटिक्समध्ये ‘पॉइंट कर्व्ह’ जॉइंट आहे. इन्व्हेंटरमध्ये गोल पृष्ठभाग खाचेच्या सलग भिंतींना चिकटवून ठेवणारा ‘ट्रान्झिशनल’ कन्स्ट्रेंट आहे, तो कॅम आणि खाचांसाठी बरा. हालचाली मोजायच्या त्या सगळीकडे सारख्याच.

कॅरिअर वळणात उभा केला, मूव्ह कंपोनंटमधलं डायनॅमिक क्लिअरन्स चालू केलं, फ्रेम आणि कॉलम निवडले आणि हळूहळू ओढत गेले. पडद्यावरचा आकडा कमी होत होत २७.२ वर आला, पुढे वाढू लागला, कॉलमच्या दुसऱ्या कोपऱ्यापाशी पुन्हा २७.२. कागदावरच्या हिशोबाशी जुळलं. जुळल्याचं समाधान फार टिकलं नाही, कारण आता हे ग्राहकाला सांगायचं होतं.

ग्राहकाचे प्लँट इंजिनिअर वयाने मोठे, भले माणूस. पण महिनाभरापूर्वी ज्यांनी ८२ मिमी ऐकलंय त्यांना अचानक २७ सांगितलं की ते म्हणणारच, “तुमचे आकडे बदलतात कसे? ट्रॅक तोच, फ्रेम तीच.” मॉडेल फिरवून दाखवलं. ते पडद्याकडे बघत राहिले, पटलं असं वाटलं नाही. पहिला अ‍ॅनिमेशनही त्यांनी याच पडद्यावर बघितला होता, तेव्हा त्यांचं चुकलं असं मला म्हणता येईना.

मग आम्ही फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. ट्रॅकचे बेंड, म्हणजे वळणाचे तुकडे, वाकवून आले होते, शेडच्या कडेला जमिनीवर पडलेले. तिथले फोरमन, ज्यांना सगळे काका म्हणतात, त्यांनी एक नव्वद अंशाचा बेंड सपाट लाद्यांवर उलटा ठेवला, तोंड वर. दोन ट्रॉल्या आत सोडल्या आणि त्यांना बार अडकवला. मी त्यांना म्हटलं, “काका, ट्रॅकची मध्यरेषा लादीवर काढता येईल का?” त्यांनी दोन्ही कडांच्या मधोमध खडूने ठिपके देत देत वळणभर रेषा ओढली, बारच्या मध्याला भोक होतं त्यातून ओळंबा सोडला. ओळंब्याचं टोक खडूच्या रेषेपासून चांगलं लांब, आतल्या बाजूला. टेप लावला. ५५ च्या जरा अलीकडे.

“हे तर नेहमीचंच आहे, मॅडम,” काका म्हणाले. “वळणावर माल पोटात येतो. आम्ही कायम आतल्या बाजूला जास्त सोडतो.” प्लँट इंजिनिअर त्यांच्याकडे वळले, “मग आधी बोलला नाहीत ते?” काका म्हणाले, “साहेब, ड्रॉइंगवर ८२ लिहिलेलं होतं. मला वाटलं तुम्ही ते धरूनच लिहिलंय.”

काय करायचं याची चर्चा तिथेच उभ्या उभ्या झाली. लोड बार आखूड करा, हा पहिला उपाय कुणालाही सुचतो. ट्रॉल्या ३०० मिमीवर आणल्या तर मध्य १९ मिमीच आत येतो, पण मोकळी जागा ६३ च होते. २०० वर आणल्या तरी ७३, अट अजून अपुरी, आणि १२०० ची फ्रेम २०० च्या पायावर झुलायला लागणार ते वेगळंच. त्रिज्या ७५० केली तर कॉलमपाशी भरपूर जागा होते, पण फ्रेमचा बाहेरचा कोपरा १०८८ वर जातो आणि सरळ पॅनेलमध्ये घुसतो. शिवाय वाकवलेले बेंड भंगारात.

जमलं ते तिसऱ्या मार्गाने. यू-टर्न हा मुळात दोन नव्वदचे बेंड जोडून केलेला. त्या दोघांच्या मध्ये ट्रॅकचा २०० मिमीचा सरळ तुकडा टाकला. त्याने दोन्ही बेंडची केंद्रं कॉलमच्या केंद्रापासून शंभर शंभर मिमी बाजूला सरकली. कॉलमचा कोपरा आता बेंडच्या केंद्रापासून ३१८ ऐवजी २५७ वर आला आणि मोकळी जागा झाली ८८. पॅनेलच्या दिशेला ट्रॅक तसूभरही पुढे गेला नाही, तिथले ९३ कायम. जाणारी आणि येणारी लाइन १२०० ऐवजी १४०० वर गेली, त्यासाठी वरचे काही सपोर्ट हलवावे लागले, पण बाजूला जागा मोकळीच होती. मॉडेलमध्ये हा बदल म्हणजे स्केचमध्ये एक रेषा आणि पाथ मेटमध्ये मार्ग पुन्हा निवडणं. नवीन तुकडा मार्गात आपण होऊन सामील होत नाही, हे लक्षात ठेवावं. कॅरिअर पहिल्या बेंडच्या शेवटी थांबला की समजायचं.

चढाचा भाग मी उगीच सोपा समजत होते. ओव्हनच्या तोंडाशी ट्रॅक ३० अंशांनी चढतो. जुन्या मॉडेलमध्ये फ्रेमसुद्धा ट्रॅकबरोबर ३० अंश तिरकी होऊन चढत होती, पुन्हा तोच फॉलो पाथ. पण हँगर आडव्या पिनवर लटकतो, त्यामुळे बार तिरका झाला तरी फ्रेम ओळंब्यातच राहते. मग होतं असं की फ्रेमचं मागचं टोक मध्यापासून ६०० मिमी मागे, आणि तेवढ्या अंतरात वरचा ट्रॅक ३४६ मिमी खाली आलेला. ट्रॅक फ्रेमच्या डोक्यावर येतो. हँगरच्या पिनला कॉन्सेंट्रिक, हँगरचा आस कॉलमच्या उभ्या कडेला समांतर, एवढे दोन मेट दिले आणि ओढून बघितलं. सुदैवाने हँगर लांब होता, शंभराच्या वर जागा राहिली.

मग ग्राहकाला हवं म्हणून चालतं चित्र. पाथ मेटला लावायची मोटर सॉलिडवर्क्समध्ये मोशन अ‍ॅनालिसिसमध्येच मिळते आणि आमच्या परवान्यात ते नाही. साध्या अ‍ॅनिमेशनवर भागवलं. पुढच्या ट्रॉलीचा मेट ‘परसेंट अलाँग पाथ’वर ठेवला आणि टाइमलाइनवर टक्के वाढवत नेले. फक्त पुढच्या. मागच्या ट्रॉलीला टक्के दिले तर ती बारच्या लांबीशी भांडते, कारण ट्रॅकवरून मोजलेले ५०० आणि सरळ मोजलेले ५०० वळणात एक नसतात. दोन्ही ट्रॉल्या चेनला ५०० वर बांधल्या असत्या तर पूर्ण वळणात त्यांच्यातलं सरळ अंतर ४८६ झालं असतं, आणि बारच्या एका टोकाला भोक लांबट करून ते १४ मिमी सामावून घ्यावे लागले असते. काही पुरवठादारांच्या लोड बारला एक भोक गोल आणि एक लांबट दिसतं, त्याचं कारण हे.

सगळी लाइन भरून दाखवायला चेन कंपोनंट पॅटर्न वापरला, तो एकच कॅरिअर मार्गावर ओळीने पुन्हा पुन्हा मांडतो. सॉलिडवर्क्स २०१५ पासून तो आहे आणि त्यातला ‘डिस्टन्स लिंकेज’ हा प्रकार नेमका आमच्या कॅरिअरसारखा, एका पार्टचे दोन बिंदू मार्गावर. पॅटर्न ‘डायनॅमिक’ ठेवला तर कुठलाही कॅरिअर धरून ओढता येतो, पण माझ्या मशिनने जीव टाकला. ‘स्टॅटिक’वर मूळ कॅरिअर ओढायचा, बाकीचे मागे येतात, काम भागतं. यू-टर्नमध्ये पुढच्यामागच्या फ्रेम जवळ येतात का तेही यातच बघून घेतलं. येतात, लागत नाहीत.

ड्रॉइंग गेलं, सरळ तुकडा बसला. पॅनेल हलवण्याचा शेरा मी खोडला. त्यानंतर ग्राहकाकडून विचारणा आली: १५०० मिमीच्या फ्रेम याच लाइनवर चालतील का? कॉलमच्या बाजूला लांबीने काही फरक पडत नाही, ८८ चे ८८. बाहेरचा कोपरा मात्र ९५७ वरून १०५७ वर जातो, म्हणजे पॅनेलच्या ७ मिमी आत. चढावर ट्रॅकखालची जागाही पंचाहत्तरच्या खाली जाते. पॅनेल मागे घ्यायचं आणि हँगर लांब करायचा, असं मी कळवलं आहे. हँगर लांबवला तर फ्रेम ओव्हनच्या उंबरठ्याला लागते का, ते उंबरठ्याचं माप आलं की ओढून बघायचं आहे.